परभणीत जंगल नाही, पण जंगलाची वाट आहे

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले आणि ओळख पटली. हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर चालून तो इथं आला होता. पुढं त्यानं धाराशिव-बार्शी भागात ठाण मांडलं. त्याला पकडून सह्याद्रीत नेऊन सोडायचं ठरलं, ताडोब्याहून पथक आलं, पण वाघ काही लवकर हाती लागला नाही. या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या.

आता एक काम करा. नकाशा घ्या आणि टिपेश्वर ते येडशी अशी सरळ रेघ मारा. ती रेघ नांदेड जिल्ह्यातून निघून परभणी-लातूरच्या सीमेजवळच्या शिवारांतून जाते. वाघ काही पट्टी लावून चालत नाही, हे खरं. पण टिपेश्वर गोदावरीच्या उत्तरेला आणि येडशी दक्षिणेला. म्हणजे त्यानं पैनगंगा ओलांडली, गोदावरी ओलांडली, मनमाड-सिकंदराबादचा रेल्वेमार्ग ओलांडला, कितीतरी राज्य रस्ते ओलांडले. आणि या सगळ्या प्रवासात नाव घेण्यासारखं सलग जंगल त्याला फारसं मिळालंच नाही. मिळाली ती शेतं, ओढे, नदीकाठची बाभळीची बनं आणि डोंगराच्या उघड्या बोडक्या कडा.

राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांची यादी निघाली की त्यात परभणीचं नाव असतंच. म्हणून वन्यजीव म्हटलं की आपण खांदे उडवतो. ‘ते ताडोब्याचं, मेळघाटाचं काम. आपल्याकडं काय, रानडुकरं अन् रोही.’ मला या पोस्टमध्ये एवढंच सांगायचंय, की जंगल नसलेल्या जिल्ह्याचंही या गोष्टीत काम आहे. आपण घर नाही, पण दोन घरांमधला रस्ता आहोत. तो रस्ता कसा होता, कसा तुटत गेला आणि आज नेमका कुठं तुटायच्या बेतात आहे, हा आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. कुठल्या पाठ्यपुस्तकात तो आलेला नाही, म्हणून इथं लिहितोय.

दोन डोंगर आणि मधलं खोरं

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. परभणीच्या उत्तरेला जिंतूर तालुक्यात डोंगर आहेत. नेमगिरीला गेलेल्यांना ते माहीत आहेत. ही अजिंठ्याची रांग. पश्चिमेला अजिंठा, बुलडाणा, जालना करत ती आपल्याकडं येते आणि पुढं हिंगोलीकडं सरकते. दक्षिणेला गंगाखेडच्या अंगाला बालाघाट. ती रांग बीड, धाराशिवकडं जाते. मधे गोदावरीचं काळ्या मातीचं खोरं, त्यात पूर्णा आणि दुधना. उत्तरेचा डोंगर आणि दक्षिणेचा डोंगर यांना जोडणारं जे काही आहे, ते म्हणजे या नद्या आणि त्यांना मिळणारे शेकडो ओढे.

अजिंठ्याच्या लेण्यांचा शोध सगळ्यांना माहीत आहे. २८ एप्रिल १८१९ला जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी तिथं पोचला. तो लेणी बघायला आला नव्हता, वाघाच्या शिकारीला आला होता. दहाव्या लेण्यातल्या चित्रावर त्यानं आपलं नाव खरडून ठेवलं. लेण्यांच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी येते, पण तिची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. दोनशे वर्षांपूर्वी या रांगेत शिकारीला यावं इतके वाघ होते. त्याच रांगेतल्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यात मार्च २०२१ मध्ये वाघ दिसला, तेव्हा तो १९४० नंतर पहिल्यांदाच दिसल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे मधली ऐंशी वर्षं ही रांग वाघावाचून होती.

ऐंशी वर्षांत काय झालं? बंदुका झाल्या, हे उघड आहे. पण बंदुकीनं जनावर मरतं. ते जिथून परत यायचं ती वाट बंदुकीनं बंद होत नाही. ती बंद होते ती आपल्या चांगल्या कामांनी.

एकेक रेघ

विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे झाली. मनमाडहून निघून परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज. परभणी जी मोठी झाली ती या रुळांमुळं. कापूस बाहेर गेला, पेठ वसली. त्या काळी दिवसाला मोजक्या गाड्या. जनावराला रूळ ओलांडायला अख्खी रात्र मोकळी.

१९४८ला निजामाचं राज्य गेलं. पुढं धरणांचं युग आलं. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी झालं, १९६८च्या सुमारास. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केलं. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, औरंगाबाद आणि जालन्यातून आपल्या परभणीत येतो. या कालव्यानं जिल्ह्याला काय दिलं ते मी वेगळं सांगायला नको. ऊस, केळी, हळद, दोन वेळची पिकं. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या पोरांनी बागायत पाहिली ती या पाण्यावर.

पण कालवा ही नदीपेक्षा वेगळी चीज आहे. नदीला उतार असतो, काठ असतो, उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. जनावर कुठूनही उतरतं, कुठूनही चढतं. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू गुळगुळीत आणि उभी. त्यात पडलेलं जनावर पोहत राहतं, नखं घासतं आणि दमून मरतं. विदर्भात गोसीखुर्दच्या कालव्यांत वन्यप्राणी अडकल्याच्या, बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. उपाय अगदी साधा आहे. ठरावीक अंतरावर एक खडबडीत उतार किंवा पायऱ्या. बांधतानाच केलं तर खर्च किरकोळ.

मग रस्ते आले. आधी मुरमाचे, मग डांबरी, आता सिमेंटचे चारपदरी. मीटरगेज रुंद झाली, गाड्या वाढल्या. ओढ्यावरचे फरशी पूल जाऊन तिथं नळकांडी पूल आले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिवारातल्या मोकळ्या जागा संपल्या. पांदणी नांगरल्या गेल्या, ओढ्यांचे काठ पिकाखाली आले, बांध बारीक झाले.

यातली एकही गोष्ट वाईट हेतूनं झालेली नाही. एकेक रेघ ओढताना ती गरजेचीच होती. फक्त कागदावर आधीच्या किती रेघा आहेत, हे दरवेळी कुणी मोजलं नाही.

बेटांचा हिशेब

हे मोजायला हवं, हे शास्त्रज्ञांनासुद्धा उशिराच कळलं. आपल्याकडं १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. तेव्हाचा विचार सरळ होता. चांगलं जंगल निवडा, भोवती हद्द आखा, शिकार थांबवा, जनावर वाचेल. त्यानं खरंच वाचलं.

पण त्याच्या थोडं आधी, १९६७ मध्ये, रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या बेटांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बेट जितकं लहान आणि किनाऱ्यापासून जितकं लांब, तितक्या त्यावर जिवांच्या जाती कमी. कारण लहान बेटावरून जाती लवकर संपतात आणि लांबच्या बेटावर नवीन लवकर पोचत नाहीत. पुढं अभ्यासकांच्या लक्षात आलं, की शेतांनी आणि शहरांनी वेढलेलं अभयारण्य हेसुद्धा बेटच आहे. पाण्याऐवजी भोवती माणसं आहेत, इतकाच फरक.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा पाझर तलावाचा हिशेब आहे. तलाव कितीही चांगला बांधा. वरून ओढा येत नसेल तर तो एक-दोन उन्हाळे काढेल, तिसऱ्याला आटेल. दुसरा हिशेब सोयरिकीचा. पंधरा घरांच्या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं लावली तर काय होतं, ते डॉक्टरला विचारायला नको.

ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये तेच दिसतंय. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटलेले. तिथं काळे वाघ आहेत, म्हणजे पट्टे इतके रुंद झालेले की अंग काळंच दिसावं. फोटोत सुंदर दिसतात. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की एका जनुकातल्या बदलामुळं हे होतं आणि वाघांची संख्या थोडी, बाहेरची आवक बंद, म्हणून तो बदल तिथं इतका पसरला. उपाय म्हणून २०२४च्या अखेरीला आपल्या ताडोब्यातून जमुना आणि जीनत या दोन वाघिणी तिकडं नेल्या. जीनत तिथून बाहेर पडली, झारखंड करत पश्चिम बंगालमध्ये गेली. २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं. वाट मोडली की असं होतं. जे काम जनावर रात्रीच्या अंधारात फुकटात करतं, ते सरकारला गाड्या, डॉक्टर, बंदुका घेऊन करावं लागतं.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पँथरचं याहून वाईट झालं होतं. वीस-तीसच उरले होते. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांमध्ये वंध्यत्व. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा कुठं वंश सावरला.

आणि वाट शाबूत असली की काय होतं, त्याचा पुरावा आपल्या शेजारी आहे. मध्य भारतातल्या वाघांच्या जनुकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट या जंगलपट्ट्यांतून वाघांची ये-जा अजून चालू आहे, त्यामुळं त्यांचं रक्त मिसळतं आहे, असं त्यातून दिसलं. २०१४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं देशातल्या ३२ मोठ्या भ्रमणमार्गांचे नकाशे काढले. कॉरिडॉर हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला तो त्या सुमारास.

त्या ३२ मध्ये परभणी नाही. पण नकाशा माणसांनी काढलेला. वाघानं तो पाहिलेला नव्हता.

वॉकर

टिपेश्वर हे दीडशे चौरस किलोमीटरच्या आतलं अभयारण्य. तिथं २०१६च्या अखेरीला जन्मलेल्या एका नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. जून २०१९ मध्ये तो घराबाहेर पडला. तरुण नराला हे करावंच लागतं, बापाच्या राज्यात पोराला जागा नसते. यवतमाळ, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, बुलडाणा, मधेच तेलंगणातलं आदिलाबाद असा फेरा मारत तो १ डिसेंबरच्या सुमारास बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटर झाले होते. एप्रिल २०२०ला कॉलर काढली, तेव्हा एकूण हिशेब तीन हजार किलोमीटरच्या वर गेला होता. जगानं त्याला ‘वॉकर’ म्हटलं.

तीन हजार किलोमीटर आणि नऊ महिने. वाटेत गावं किती, वस्त्या किती, आखाड्यावर झोपलेली माणसं किती. या सगळ्यात माणूस जखमी झाल्याचा प्रसंग एकच, तोही तो झुडपात विसावला असताना माणसं तिथं शिरल्यावर. रात्री चालायचं, दिवसा ओढ्यात नाहीतर झुडपात पडून राहायचं, रानडुक्कर आणि कधी गुरं मारून खायचं, हा त्याचा क्रम. कॉलरच्या पाच हजारांवर नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. कॉरिडॉर म्हणजे सलग जंगलच असावं लागतं असं नाही. दिवसभर अंग लपवायला जागा आणि रात्री ओलांडायला फट, एवढं मिळालं तरी जनावर पुढं सरकतं.

हीच परभणीची भूमिका आहे. वाघानं इथं राहावं असं कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. इथं त्याला खायला नाही, लपायला नाही, आणि आपल्यालाही ते झेपणार नाही. तो येईल, चार रात्रींत जाईल. त्याला जाऊ देणं, एवढंच आपल्याकडं मागणं आहे.

आणि विषय एकट्या वाघाचा नाही. वाघ बातमीत येतो म्हणून त्याचं नाव घेतलं. लांडगा, तरस, खोकड, काळवीट हे माळरानाचे जीव. त्यांना दाट जंगल नकोच असतं. त्यांच्यासाठी आपले माळ, गायरानं, पडीक जागा हेच घर. एका माळावरचा कळप दुसऱ्या माळावर जाऊ शकला नाही, तर बेटाचा हिशेब त्यांनाही लागू होतो. त्यांच्या नावानं मोर्चा निघत नाही, एवढंच.

‘आमाला पांदण न्हाई’

आता शेतकऱ्याची बाजू. ती टाळून हा विषय लिहिणं म्हणजे शहरात बसून उपदेश करणं होईल.

या विषयावर एका वयस्क शेतकऱ्याशी बोलत होतो. ते म्हणाले, “भाऊ, वाघाला वाट मागायलात, चांगलंय. आमाला शेतात जायाला पांदण न्हाई, ते कोण मागणार?” मी म्हटलं, “बाबा, दोन्ही एकच मागणी आहे.” ते हसले. म्हणाले, “मग आमच्या नावानं आधी मागा.”

त्यांचं बरोबर आहे. रोही आणि रानडुकरं रात्रीत एकरभर पीक लोळवतात. सोयाबीन, हरभरा, काही सुटत नाही. भरपाईचा नियम आहे, पण पंचनामा, फोटो, अर्ज, हेलपाटे यातच हंगाम निघून जातो. ज्याचं नुकसान होतं त्याला वेळेत पैसे मिळाले नाहीत, तर तो तारेत करंट सोडणार. मग त्या तारेवर वाघही मरतो, लांडगाही मरतो, आणि कधी शेजारच्या घरातला माणूसही मरतो. भ्रमणमार्गाचं पहिलं काम म्हणून कुणी मला विचारलं तर मी झाडं लावा म्हणणार नाही. पीक नुकसानीची भरपाई महिन्याच्या आत द्या, असं म्हणेन.

दुसरा अवघड मुद्दा गायरानाचा. नकाशावर गायरान हिरवं दिसतं, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं, ही जागा रिकामी करून वन्यजीवांना द्यावी. मराठवाड्यात हे इतकं सोपं नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ला आणि पुन्हा १९६४ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसं तुरुंगात गेली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा तुकडा आला नाही, त्या दलित, भटक्या कुटुंबांनी गायरान कसलं. ती अतिक्रमणं नियमित करायचे सरकारी निर्णय १९७८ला झाले, १९९१ला झाले. तरी कितीतरी जणांच्या नावावर अजून सातबारा नाही. जनावराच्या वाटेसाठी त्यांना उठवलं, तर तो न्याय नाही. आणि ज्या बड्या माणसानं ओढा बुजवून प्लॉट पाडले त्याला कुणी विचारत नाही, हेही आपण रोज बघतो. वाट मोकळी करायची तर आधी ओढे मोजा. ओढा सरकारी असतो, नकाशावर असतो, त्याचा धनी कुणी नसतो. सुरुवात तिथून होऊ शकते.

पेंचचा धडा

हे सगळं मी आज का लिहितोय? कारण आपल्या जिल्ह्यात पुढची रेघ पडते आहे.

जालना-नांदेड द्रुतगती मार्ग हा जवळपास १८० किलोमीटरचा, समृद्धीला जोडणारा रस्ता. जालना, परभणी, नांदेड या तीन जिल्ह्यांतून जाणारा. आपल्याकडं सेलू, जिंतूर, परभणी, पूर्णा या तालुक्यांतून त्याची आखणी आहे. भूसंपादनाच्या दरावरून शेतकऱ्यांची आंदोलनं आपण पाहिली, त्यांच्या बातम्या मीही दिल्या. शिवाय शक्तिपीठ महामार्गाचा वाद आहेच. रस्ता व्हावा की न व्हावा, हा वाद मी इथं घालत नाही. मला मुद्दा वेगळा मांडायचाय. द्रुतगती मार्ग हा साध्या रस्त्यासारखा नसतो. दोन्ही बाजूंनी कुंपण, ठरावीक ठिकाणीच चढायचं-उतरायचं. साध्या रस्त्यावर जनावर रात्री दोनला पळत पार होतं. इथं तो प्रश्नच नाही. जाळीत फट मिळाली आणि जनावर आत शिरलं, तर बाहेर पडता येत नाही. मग ते मरतं, आणि ताशी १२०च्या वेगात धडकणारी गाडीही जाते.

साध्या महामार्गावर काय होतं तेही विदर्भानं पाहिलंय. बोर व्याघ्र प्रकल्पातला ‘बाजीराव’ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. १५ नोव्हेंबर २०१८ला चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर चिचपल्ली भागात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले.

पण विदर्भातच याचं उत्तरही आहे. नागपूरहून सिवनीकडं जाणारा महामार्ग, जुना क्रमांक ७, आताचा ४४, पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाला पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली, प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयांत चाललं. वन्यजीव संस्था म्हणत होती, रस्ता उचला आणि खालून जनावराला जाऊ द्या. समोरून उत्तर होतं की खर्च फार आहे. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता उचलला. पाच भुयारी मार्ग, चार छोटे पूल. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत.

मग संस्थेनं खाली कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात १८ जातींच्या वन्यप्राण्यांचे ५,४५० फोटो मिळाले. ११ वेगवेगळे वाघ ८९ वेळा खालून गेले. वर ट्रक चालू, खाली वाघ चालू.

जगात हे नवीन नाही. कॅनडातल्या बँफ राष्ट्रीय उद्यानात १९९०च्या दशकापासून महामार्गावर जनावरांसाठी पूल आणि भुयारं आहेत. अस्वलं, लांडगे ती वापरतात. पण आपल्याला कॅनडाचं उदाहरण द्यायची गरज उरलेली नाही, नागपूरचं पुरेसं आहे.

पेंचचा खरा धडा मात्र पुलाच्या रुंदीचा नाही, वेळेचा आहे. तिथं भांडण रस्ता रुंद व्हायच्या आधी झालं, म्हणून आराखड्यात फट निघाली. रस्ता झाल्यावर कुंपण फोडून खाली भुयार खणणं जवळपास अशक्य. पुढची पन्नास वर्षं कुणी त्याला हात लावणार नाही.

मागायचं काय

परभणीला पेंचसारखे साडेसातशे मीटरचे पूल लागणार नाहीत. आपली गरज लहान आहे, आणि म्हणूनच ती दुर्लक्षित राहील अशी भीती वाटते. द्रुतगती मार्ग जिथं जिथं ओढा, नाला, नदी ओलांडतो, तिथं नळकांडं न टाकता मोकळा पूल हवा. पुलाखाली पाण्याच्या दोन्ही अंगांना कोरडी जमीन सुटलेली हवी, म्हणजे पावसाळ्यातही चालता येईल. उंची इतकी, की दिवसा बैलगाडी, ट्रॅक्टर जाईल आणि रात्री रोही, लांडगा जाईल. जंगलाच्या रस्त्यावर माणूस आणि जनावर एका भुयारातून नेत नाहीत, हे बरोबरच. पण आपल्याकडं जंगल नाही, शिवार आहे. शिवारात दिवस माणसाचा आणि रात्र जनावराची, ही वाटणी पूर्वीपासूनची आहे. रस्त्यानं ज्याचं शेत दोन तुकड्यांत कापलं, त्या शेतकऱ्यालाही हीच फट हवी आहे. म्हणून मी त्या बाबांना म्हटलं, मागणी एकच आहे.

दुसरं, कालव्यांच्या अस्तरीकरणाची, दुरुस्तीची कामं निघतील तेव्हा उतार आणि पायऱ्या त्याच अंदाजपत्रकात घालून घ्या. नंतर वेगळा निधी कधी येत नाही.

तिसरं, गावच्या नकाशावरचे ओढे आणि पांदणी. सरकारनं २०२१ला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पांदण मोकळी करताना तिच्या कडेची बाभळ, बोर, हिवर तेवढी राहू द्या. जेसीबीवाल्याला सांगायला एक मिनिट लागतो.

मी वन्यजीवतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या बातम्या लिहिणारा माणूस आहे. पण एवढी वर्षं बातम्या लिहिताना एक गोष्ट पक्की कळलीय. आपल्याकडं मागणी होते ती मोबदल्याची, आणि ती व्हायलाच पाहिजे. आराखडा कुणी मागत नाही. पूल कुठं, किती उंच, खालून काय जाणार, हे कागदावर ठरून जातं आणि आपल्याला ते काँक्रीट पडल्यावर दिसतं. अजून काँक्रीट पडलेलं नाही. सेलू, जिंतूर, परभणी, पूर्णा तालुक्यांतल्या ज्या गावांतून हा रस्ता जाणार आहे, त्या गावांनी ग्रामसभेत एक साधा ठराव घ्यावा: आमच्या हद्दीतल्या प्रत्येक ओढ्यावर मोकळा पूल हवा आणि त्याचा नकाशा आम्हाला आधी दाखवा. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, रस्ते विकास महामंडळाला आणि वनविभागाला द्या.

त्या ठरावाला जोडायला एक यादी लागेल, आणि ती तुमच्याकडंच आहे. तुमच्या शिवारात हरणं, रोही, लांडगे कुठल्या ओढ्यानं, कुठल्या पांदणीनं ये-जा करतात, हे राखणीला जाणाऱ्या माणसाइतकं कुठल्याच खात्याला माहीत नाही. गाव, ओढ्याचं नाव आणि जागा एवढं मला कळवा. मी तालुकावार यादी करून ज्या त्या गावच्या सरपंचांकडं पोचवतो.